सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होत नाही

१/ ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली. ती मोज्याच्या पट्ट्याने झाकली.

२/ १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा सेल्फ आणला. हँडल फिरवण्याचे कष्ट सरले. तरी इंजिन फिरणे आणि पेटणे या गोष्टी भिन्नच राहिल्या.

३/ गोव्यात घडलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घ्या. तिचे रेनॉ इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल, तर बॅटरी बदलणे व्यर्थ. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही नसल्यास क्रँक सेन्सर तपासावा.

४/ चांदूर बाजारच्या गॅरेजातही पार्ट बदलण्याआधी विचारायचे प्रश्न बर्थांचेच : पेट्रोल पोहोचते का? ठिणगी पडते का?