वस्तीतल्या बायांचं हसणं : जात्यापासून उसाच्या फडापर्यंत

हसण्याला कसला आलाय इतिहास, असं आम्हाला नेकनूरला येण्याआधीच एकानं विचारलं. प्रश्न वावगा नाही. मराठवाड्याचा इतिहास सांगायचा म्हणजे निजाम, वेठबिगार, 17 सप्टेंबर 1948, 1972चा दुष्काळ, पुढं नामांतराचा लढा. यात महारवाड्यातली, मांगवाड्यातली बाई आलीच तर डोळ्याला पदर लावून येते. तिच्यावर काय गुदरलं याची नोंद हवीच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती कशाच्या जोरावर उठली, हे आम्ही इतिहासवाले फारसं विचारत नाही. आमचं म्हणणं असं, की त्या जोरात थट्टामस्करीचा वाटा मोठा होता, आणि आपण तो बायकांचा चावटपणा म्हणून टाकून दिला.

बंकटस्वामींच्या नेकनुरात जनाबाई कोण हे सांगायला नको. गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरची दासी. कीर्तनात ऐकतो ते तिचं दळण-कांडण आणि देवाचं मदतीला धावणं. पण तिच्याच नावावर एक अभंग आहे, त्यात ती पंढरीच्या देवाला चक्क अरेतुरे करते, शिव्या घालते, त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं जावो म्हणते. यात भक्ती आहेच. पण दिवसभर दुसऱ्याचं राबणाऱ्या बाईनं सगळ्यांत मोठ्या धन्याला समोर उभं करून झापलंय, ही गंमत आपण का सोडतो? घरच्या धन्याला असं बोलायची सोय तिला कुठं होती!

ती सोय जात्यानं केली. पहाटेची वेळ, गडीमाणसं झोपलेली, दोघी समोरासमोर, आणि बोललेलं दगडाच्या घरघरीत बुडून जाणारं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 1996 साली आपल्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, त्यांनी दलित बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटलं की आपल्याला वंदन आठवतं. पण 1948मध्ये बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्या लग्नावरही बाया गायल्या, आणि बामणाची लेक आपल्या घरात सून म्हणून आली याची त्यांनी मनसोक्त मजा घेतली. ज्या दारात भाकर वरून टाकली जायची, त्या जातीतली पोर आता आपली वहिनी! कुणाला दुखवायला हे म्हटलेलं नाही. शिवाशिवीचं सगळं गणित उलटं मांडून बघितलं, आणि ते उलटंही बसतंय म्हणून हसू आलं.

उर्मिला पवारांचं 'आयदान' 2003चं. ते कोकणातलं आहे, पण सुरुवात वाचताना आपल्या बाजाराच्या वाटा आठवतात. गावच्या बाया डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघतात आणि चढाला लागल्या की ज्या मूळपुरुषानं इतक्या आडबाजूला गाव वसवलं त्याचा यथासांग उद्धार करतात. ओझं तेवढंच राहतं. पण एकटीची चाल आणि हसत निघालेल्या दहाजणींची चाल यांत फरक असतो, हे भारा वाहिलेल्या कुणालाही विचारा.

सगळं हसणं भलं होतं असं मात्र नाही. वांझ, टाकून दिलेली, काळी यांची टर बायांनीच उडवली आहे, आणि ती टर जिच्यावर पडली ती हसलेली नाही.

काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या बायांची गोष्ट निघालीच आहे, तर अमेरिकेतली मॉम्स मेबली आठवते. ढगळ झगा, बेंगरूळ टोपी, तोंडाचं बोळकं, असं म्हातारीचं सोंग घेऊन ही कृष्णवर्णीय बाई रंगमंचावर यायची आणि गोऱ्यांच्या राज्याला बोचेल असं बोलून जायची. म्हातारीला कोण अडवणार? आपल्या तमाशात अशी फटकळ बाई आहे की, गवळणीतली मावशी. फक्त मावशीच्या लुगड्यात पुरुष असतो. बाई नाचली, गायली, फड चालवला. हसवायचा मान सोंगाड्याकडं आणि मावशीकडं राहिला. त्यामुळं आपल्या बायांचा विनोद तिकीट लावून कधी फारसा दिसला नाही. तो चुलीपुढं आणि शेतात राहिला.

जातं गेलं, गिरणी आली. आता हे हसणं ऐकायचं तर बीडहून निघणाऱ्या ऊसतोड टोळीत जावं लागतं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात. घरात माणसं किती, असं आम्ही एकीला विचारलं तर म्हणाली, दीड कोयता. म्हणजे ती दोघं आणि हाताशी आलेला पोरगा. हिशेब मुकादमाचा, हसू तिचं.

2019 साली सरकारी समितीनं या जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांची माहिती घेतली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत काम होत नाही, खाडा झाला की दंड, उचल तर फिटलीच पाहिजे. तुम्हाला ही साखळी आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका फडावर बाजाराला निघालेल्या बाईला कुणीतरी ओरडून विचारलं, पिशवी घेतलीस का? दुसरी म्हणाली, तिची डॉक्टरनं ठेवून घेतली. सगळ्याजणी पोट धरून हसल्या, जिच्यावर विनोद झाला तीसुद्धा. आम्हाला हसता आलं नाही. पण त्यानंतर, सकाळपासून आमच्याशी हो-नाहीपलीकडं न बोललेल्या त्या बाया आपसांत बोलायला लागल्या. कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, पस्तिशीतच म्हातारपण आलं. एका धाकटीला ऑपरेशनचा सल्ला मिळाला होता. तिला तिघींनी तिथंच सांगितलं, आधी दुसऱ्या दवाखान्यात दाखव. आम्ही घेऊन गेलेल्या प्रश्नावलीतून हे निघालं नव्हतं.

विनोदानं कुणाची कंबर बरी झाली नाही, उचलही फिटली नाही. बायांना हसता येतंय म्हणजे त्यांचं बरं चाललंय, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. मुकादमाला आणि कारखान्याला तो अर्थ फार आवडेल.

आता एक कामाचं बोलून थांबतो. टोळ्या दसरा-दिवाळीला हलतात. त्याआधी या भागातल्या वस्त्यांमधल्या शिकलेल्या पोरींनी आपल्या आज्यांकडून या थट्टा, या कोपरखळ्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. गडीमाणूस जवळ नको, आम्हीही नको. आजीला विचारून घ्या, आणि ती जे पुसून टाक म्हणेल ते पुसून टाका.