पाथरीकर

समजा, तुमचं आडनाव पाथरीकर आहे. वाढलात पुण्यात, नोकरीही तिथलीच. वडिलांच्या कपाटात एक दोनशेपानी वही सापडली. तिच्यात तुमच्या नावापासून वर वर चढत गेलेली नावं होती: वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. त्याच्याही वर एक रेघ, आणि रेघेच्या टोकाला काहीच नाही. म्हणून आज तुम्ही परभणीला गाडीतून उतरून पाथरीची एसटी धरली आहे. मानवत मागे पडतं. खिडकीबाहेर काळी जमीन आणि कापूस. डोळा लागतो.

जाग येते ती टण् अशा आवाजाने.

समोर पाण्याने भरलेलं घंगाळ आहे. त्यात तांब्याची एक वाटी बुडाली आहे, आणि एक पोरगा ती काढून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडतो आहे. हे घटिकापात्र. बुडाला बारीक छिद्र; त्यातून पाणी आत शिरत 24 मिनिटांत ते तळाला जातं. दिवसरात्रीत अशा 60 घटका. साल 1503, म्हणजे शके 1425. गाव तेच आहे, पण संस्कृतात लिहिणारे त्याला पार्थपूर म्हणतात.

ओसरीवर ज्ञानराज बसले आहेत. मांडीवर पोथीचे सुटे कागद, बाजूला दौत आणि बोरू. ग्रहांची गती कशी काढायची, ग्रहण कधी लागेल, हे सांगणारा ‘सिद्धान्तसुंदर’ ते लिहीत आहेत. या घराण्याची परंपरा देवगिरीच्या यादवांच्या काळापर्यंत मागे नेली जाते. तुम्हाला विचारावंसं वाटतं, पाथरीकर नावाचं कुणी इथे आहे का? पण ज्ञानराजांना आडनाव विचारलं तर ते तुमच्याकडे बघत राहतील. त्यांची ओळख म्हणजे बाप, गोत्र आणि गाव.

वाटी बुडते. इथे घटका भरली की वर्षं जातात.

साल 1518. गावात धावपळ आहे. गढीकडून घोड्यांच्या टापा येतात. अहमदनगरच्या निजामशहाची फौज पाथरीत शिरली आहे. ज्ञानराजांचा मुलगा सूर्य आता दहा-अकरा वर्षांचा. तो दाराआडून बघतो, तुम्ही त्याच्यामागे उभे.

ही लढाई कशासाठी? तेही वंशावळीसाठीच. इतिहासकार फेरिश्त्याने आपल्या ग्रंथात हकीकत दिली आहे ती अशी. पाथरीच्या कुलकर्ण्यांपैकी एक जण गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेला. त्या घरातला तिमाप्पा नावाचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन नावाने वाढत वाढत निजाम-उल-मुल्क झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये निजामशाही उभी केली. त्याचा मुलगा बुऱ्हाण आता गादीवर आहे. पाथरी आमच्या पूर्वजांचं गाव, ते आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या, असं त्याने वऱ्हाडच्या इमादशहाला कळवलं. इमादशहाने गाव दिलं नाही, उलट बंदोबस्त वाढवला. म्हणून ही फौज. पुढे 1527 च्या सुमारास इमादशहा पाथरी परत घेईल, निजामशहा ती पुन्हा हिसकावेल आणि इथला किल्ला पाडून टाकेल.

तुम्ही खिशातल्या वहीवर हात ठेवता. तुम्हीही पूर्वजांचं गाव शोधायलाच आला आहात. फरक इतकाच, की तुमच्यामागे फौज नाही.

वाटी बुडते. साल 1541. सूर्य आता सूर्यपंडित झाला आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहून झाली, आता ‘लीलावती’वर चालू आहे. त्याचं आणखी एक काव्य आहे, ‘रामकृष्णविलोमकाव्य’. सरळ वाचलं की रामाची गोष्ट, ओळ शेवटाकडून उलटी वाचली की कृष्णाची. अक्षरं तीच. त्याच्या खांद्यावरून बघताना तुमच्या लक्षात येतं की वंशावळही अशीच दोन दिशांनी वाचायची असते. घडते बापाकडून मुलाकडे, आणि शोधणाऱ्याला मुलाकडून बापाकडे जावं लागतं.

पुढची घटका तुम्हाला गोदावरीच्या काठाने नेते, पाथरीच्या पश्चिमेला, उत्तर तीरावरच्या गोलग्रामात. इथले दिवाकर दैवज्ञ ‘ग्रहलाघव’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, समुद्राकाठचे. दिवाकरांना पाच मुलगे: विष्णु, कृष्ण, मल्लारी, केशव, विश्वनाथ. मल्लारी आणि विश्वनाथ पुढे त्याच ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिणार आहेत. तुम्ही वहीत नावं उतरवून घेता, कारण थोड्याच वर्षांत हे घर इथून हलणार आहे. सोळावं शतक सरता सरता ही माणसं उत्तरेची वाट धरतात. पोथ्या रुमालात बांधल्या जातात. नदी मागे राहते.

काशीत तुम्ही पोचता ते 1658 साली. घाट चढता चढता कानावर मराठी येते. पैठणहून आलेल्या भट्टांचं घराणं इथे कधीच रुजलं आहे. कृष्णांचा मुलगा नृसिंह; नृसिंहाचा मुलगा कमलाकर ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ संपवत बसला आहे. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, तोही किंचित फिरतो, हे त्याने ताडलं आहे. समरकंदच्या उलुगबेगाच्या वेधशाळेतलं ज्ञानही त्याच्यापर्यंत आलं आहे. त्याचं भांडण आहे मुनीश्वराशी. मुनीश्वराचं घराणं पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. पयोष्णी म्हणजे वऱ्हाडातली पूर्णा. गोदेकाठचा आणि पूर्णेकाठचा, दोघे गंगेच्या काठावर ग्रहगतीवरून भांडताहेत! कमलाकराचा भाऊ रंगनाथही मुनीश्वराचं खंडन करायला बोरू घेऊन बसला आहे.

गणित संपतं. कमलाकर शेवटच्या श्लोकांकडे वळतो. तिथे तो कुळाचं वर्णन करतो आणि गाव सांगतो: पाथरीजवळचं, गोदेच्या उत्तर तीरावरचं गोलग्राम. काशीत राहणाऱ्या माणसाने हे का लिहावं? गोलग्रामात असलेल्या दिवाकराला गोदा कुठे आहे हे कुणाला सांगायची गरज नव्हती. ती गरज नातवंड-पणतवंडांना पडली.

पुन्हा टण्. या वेळी मात्र भिंतीवरचं घड्याळ ठोके देतं आहे. पुण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षित पोथ्यांमधून नावं वेचताहेत. 1896 साली छापल्या जाणाऱ्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या त्यांच्या ग्रंथात हे वंशवृक्ष मराठीत उभे राहतील. इथे पूर्वज ग्रहणाच्या गणिताखाली सापडतात, आणि तेही ज्यांनी पोथी लिहिली त्यांचेच. त्या ओसरीमागच्या स्वयंपाकघरात कोण होतं, हे एकही वृक्ष सांगत नाही.

“पाथरी! उतरा!”

कंडक्टर ओरडतो. तुम्ही स्टँडवर उतरता, चहा सांगता. चहावाला ग्लास पुढे करत विचारतो, “कोण्या गावचे पाव्हणे?”

“पुण्याचे. पण आडनाव पाथरीकर. इथे कुणी पाथरीकर आहेत का?”

तो हसतो. “इथं कामून शोधायलात पाथरीकर? इथं आम्ही समदे पाथरीचेच. गाव सोडून गेल्यावर माणूस पाथरीकर होतो.”

तुम्ही वही काढता. वरच्या रेघेचं टोक अजूनही मोकळंच आहे. तिथे माणसाचं नाव लिहिता येत नाही. तुम्ही गावाचं लिहिता.