माहिती होती, कान नव्हते

पूर्व-पश्चिमेतले गैरसमज अज्ञानातून जन्मले, असे सर्रास म्हटले जाते. चीनमधील जेझुइटांचा, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या प्रचारकांचा, इतिहास वेगळे सांगतो. गोव्यात धर्मशास्त्र शिकलेला इटालियन जेझुइट मात्तेओ रिची १५८२ मध्ये मकाऊला पोचला. तो चिनी भाषा शिकला, कन्फ्यूशियन पंडितांचा वेश त्याने स्वीकारला आणि १६०७ मध्ये चिनी विद्वान श्यू ग्वांगछीच्या साथीने युक्लिडची भूमिती चिनीत आणली. चिनी घरांत पूर्वजांना वाहिलेला धूप हा आदर आहे, उपासना नव्हे, हे त्याचे मत. खुद्द चीनच्या कांगशी सम्राटाने १७०० मध्ये तसाच निर्वाळा दिला. तरीही १७०४ मध्ये रोमने, म्हणजे पोपने, ख्रिस्ती चिनी लोकांना हे विधी निषिद्ध ठरवले. यातूनच पुढे १७२१ मध्ये सम्राटाने धर्मप्रचारालाच बंदी केली.

रिचीला धर्मांतर हवे होते, मग त्याची समज सोयीची नव्हती का, असा आक्षेप येईल. खेड्यांतले लोक पितरांकडे खरोखरच वरदान मागतात, हे डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या प्रचारकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. पण या मतभेदावर चिनी समाजाची साक्ष निर्णायक मानायला रोम तयार नव्हते, आणि बिनसले ते इथेच. विधींवरची ही बंदी रोमने थेट १९३९ मध्ये उठवली. समजुतीसाठी माहिती लागतेच; पण दुसऱ्याला स्वतःच्या आचाराचा अर्थ सांगण्याचा अधिकार दिला नाही, तर ती माहिती निकामी ठरते.