बारा संघांचं पाणी

अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये चकी ब्राउन, टोनी मॅसनबर्ग, जिम जॅक्सन आणि जो स्मिथ हे चौघे एनबीएच्या प्रत्येकी बारा संघांकडून खेळले. 2022 मध्ये डेन्व्हरच्या संघात दाखल होऊन इश स्मिथने हा आकडा तेरावर नेला. अशा खेळाडूला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात, आणि त्याची कारकीर्द सांगताना सूर बहुधा कीव केल्याचा असतो. कुणी त्याला ठेवून घेतलं नाही, कुठे त्याचा जम बसला नाही, त्याची जर्सी कुठल्याही मैदानाच्या छताला मानाने लटकली नाही. या धंद्याचा इतिहास पाहिला की ही कीव अस्थानी वाटते. फिरता खेळाडू ही बास्केटबॉलच्या धंद्याची मूळ अवस्था होती. एकाच शहरात नांदणारा नायक नंतर आला. आणि बारा संघ पालथे घालत दहा-पंधरा वर्षं टिकून राहणारा, नायक नसलेला खेळाडू हा त्याच्याही नंतरचा. तो खेळाडूंनी मालकांशी झगडून मिळवलेल्या हक्कांच्या आधारावर उभा आहे.

जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी रचला. दहा वर्षंही झाली नाहीत तोवर त्याचा धंदा झाला. 1898 मध्ये पहिली व्यावसायिक लीग निघाली आणि 1904 पर्यंत बुडालीही. पुढची दोन दशकं हेच चाललं. लीग निघत, मोडत, आणि चांगला खेळाडू सामन्यागणिक पैसे ठरवून जो जास्त देईल त्याच्याकडून खेळे. एकाच हंगामात दोन-तीन संघांचे कपडे चढवण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खेळाडूंना हंगामभराच्या कराराने बांधून घेण्याची पद्धत 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ओरिजिनल सेल्टिक्स संघाने रुजवली. पण तो संघही नाटक मंडळीसारखा गावोगाव फिरूनच पोट भरत असे. 1923 मध्ये बॉब डग्लस यांनी हार्लेममध्ये उभा केलेला न्यूयॉर्क रेनेसान्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ तर जवळजवळ रस्त्यावरच जगला. हॉटेलं खोली देत नसत, खाणावळी दारातून परत पाठवत, म्हणून जेवण आणि झोप कित्येकदा बसमध्येच. याच संघाने 1939 मध्ये शिकागोच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत ओश्कोश ऑल-स्टार्सचा पराभव करून विजेतेपद मिळवलं. त्या काळातला बहुधा सर्वोत्तम संघ घर नसलेला होता. फिरणं म्हणजे कमअस्सल असणं, हे समीकरण इथेच मोडतं.

मग मालकांनी घरं बांधली. 1946 मध्ये मोठ्या शहरांतल्या क्रीडागृहांच्या मालकांनी नवी लीग काढली, 1949 मध्ये ती जुन्या नॅशनल लीगमध्ये मिसळून एनबीए झाली. पहिल्या हंगामात सतरा संघ होते; 1954-55 चा हंगाम संपला तेव्हा आठ उरले होते. अर्ल लॉइड हा एनबीएच्या सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 31 ऑक्टोबर 1950 ला तो वॉशिंग्टनकडून खेळला, काही सामन्यांनंतर सैन्यात भरती झाला, आणि जानेवारी 1951 मध्ये त्याचा संघच बंद पडला. नंतर तो सिरॅक्यूजमध्ये गेला, 1955 मध्ये तिथे विजेता ठरला आणि डेट्रॉइटमध्ये निवृत्त झाला. तीन संघांच्या या प्रवासातला पहिला बदल त्याच्या खेळामुळे झाला, असं कोण म्हणेल?

तरीही त्या काळात बारा संघ हिंडलेला खेळाडू सापडत नाही. आठ संघ आणि प्रत्येकी दहा-एक माणसं, म्हणजे साऱ्या देशात शंभराच्या आत जागा. वर करारातलं राखीव कलम होतं: मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. मालक त्याला विकू शके, तो स्वतः उठून जाऊ शकत नसे. ज्याची जागा गेली तो दुसऱ्या संघात न जाता धंद्यातूनच बाहेर पडे. त्याला उरे ती 1946 मध्येच सुरू झालेली ईस्टर्न लीग. पेनसिल्व्हेनियाच्या स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझल्टन अशा कोळसापट्ट्यातल्या गावांत शनिवार-रविवारी सामने होत आणि सोमवारी खेळाडू शाळेत शिकवायला किंवा कारखान्यात कामाला जात. ज्या ‘निष्ठे’च्या आठवणींनी जुने प्रेक्षक आजही गहिवरतात, तिच्यात या सक्तीचा वाटा फार मोठा होता.

कोंडी फोडली ती 1967 मध्ये निघालेल्या एबीए या प्रतिस्पर्धी लीगने. जागा वाढल्या, पगार चढले, पण पायाखालची जमीन सतत सरकत राहिली. ओकलंडचा संघ 1969 मध्ये वॉशिंग्टनला आणि वर्षभरात व्हर्जिनियाला गेला. तिथल्या खेळाडूने संघ न बदलता तीन घरं बदलली. न्यू ऑर्लिन्सचा संघ मेम्फिसला जाऊन तीन नावांनी खेळला, मग बाल्टिमोरला गेला आणि 1975 चा हंगाम सुरू होण्याआधीच बंद झाला. खेळाडू फिरला, कारण लीगच फिरत होती.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: काहीही म्हणा, खरोखर चांगल्या माणसाला कुणी सोडत नाही. जो स्मिथ 1995 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सगळ्यांत पहिला निवडला गेला होता आणि जिम जॅक्सन 1992 मध्ये चौथा. तेव्हा वरच्या पायरीवरूनही माणसं या वाटेला लागतात. याचं एक कारण हिशेबाचं आहे: 1984-85 पासून एनबीएत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. तेव्हापासून अदलाबदलीत बहुधा दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ घालावा लागतो. मोठा खेळाडू आणायचा तर बेरीज जुळवायला दोन-तीन मधल्या फळीतले खेळाडू पाठवले जातात. त्यांचा पगार सोयीचा असतो, एवढंच कारण पुरतं. उलट बाजूने मारिओ एलीकडे पाहा. 1985 मध्ये त्याची निवड सातव्या फेरीत झाली, आणि एनबीएत पाऊल पडायला पाच वर्षं लागली. मधल्या काळात तो आयर्लंड, अर्जेंटिना, पोर्तुगालमध्ये खेळत होता. पुढे त्याच्या नावावर ह्यूस्टनची दोन आणि सॅन अँटोनिओचं एक अशी तीन विजेतेपदं लागली. 1985 ते 1990 ही पाच वर्षं त्याला ओळखू न शकणाऱ्यांच्या खात्यावर मांडायला हवीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या भटकंतीला हक्क म्हणणं म्हणजे असुरक्षिततेला गोंडस नाव देणं नव्हे का? दहा दिवसांचा करार हे त्याचं उघडं उदाहरण. जानेवारीपासून संघ एखाद्याला दहा दिवसांपुरता घेऊ शकतो, आणखी दहा दिवस वाढवू शकतो. त्यानंतर एक तर उरलेल्या हंगामासाठी ठेवायचं, नाही तर सोडायचं. घर कुठे करावं, मुलांना कुठल्या शाळेत घालावं, याचा निर्णय दहा दिवसांच्या मुदतीवर होत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण तुलना एखाद्या काल्पनिक सुखाशी करण्यापेक्षा आधीच्या स्थितीशी करावी. चकी ब्राउन 1994-95 मध्ये ईस्टर्न लीगच्याच पुढच्या अवताराच्या, सीबीएच्या याकिमा संघात होता. तिथून दहा दिवसांच्या कराराने ह्यूस्टनला आला आणि जूनमध्ये विजेत्या संघाचा भाग होता. 1955 च्या हेझल्टनमधल्या खेळाडूसाठी हे दार जवळजवळ बंद होतं.

ते उघडलं कुणी? जानेवारी 1964 मध्ये बॉस्टनच्या ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडू कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर पडायला तयार नव्हते. निवृत्तिवेतनाचा शब्द मिळाल्यावरच ते मैदानात उतरले. 1970 मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडू संघटनेचा अध्यक्ष म्हणून राखीव कलमाविरुद्ध खटला भरला, तो 1976 मध्ये तडजोडीने मिटला, आणि 1988 मध्ये टॉम चेंबर्स हा जुन्या संघाची आडकाठी नसलेला पहिला मुक्त खेळाडू म्हणून सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला. यातली बहुतेक नावं तारांकितांची आहेत, हे खरं. पण मालकांशी झालेल्या सौद्याची खरी बारीक कलमं खालच्यांच्या कामी आली. किमान वेतन अनुभवाप्रमाणे वाढत जातं, आणि जुना खेळाडू महाग पडतो म्हणून त्याला डावललं जाऊ नये यासाठी एका वर्षाच्या किमान करारातला वाढीव भाग लीग स्वतः भरते. इश स्मिथला 2010 मध्ये कुणीही निवडलं नव्हतं. तरी त्याने दशकाहून जास्त काळ खेळून 2023 मध्ये डेन्व्हरसोबत विजेतेपद पाहिलं, त्यामागे अशी कलमं उभी आहेत.

या हक्कांच्या कुंपणाबाहेर कोण राहिलं, हे पाहिलं की त्यांची किंमत कळते. 1965 पूर्वी खेळलेल्यांना निवृत्तिवेतन मिळायला 1988 उजाडलं, तेही पाच वर्षं खेळलेल्यांनाच. तीन-चार वर्षं खेळलेल्यांना, म्हणजे नेमक्या फिरत्या खेळाडूंना, 2007 पर्यंत थांबावं लागलं. एबीएचं उदाहरण तर संताप आणणारं आहे. 1976 मध्ये तिचे चार संघ एनबीएत घेतले गेले. बाहेर ठेवलेल्या सेंट लुइस संघाच्या मालकांनी मोबदल्यात त्या चार संघांच्या दूरदर्शन उत्पन्नातला सातवा हिस्सा कायमचा लिहून घेतला. 2014 पर्यंत त्यांना सुमारे 30 कोटी डॉलर मिळाले होते, आणि त्या वर्षी हा करार आटोपता घेण्यासाठी आणखी 50 कोटी ठरले. त्याच लीगमध्ये तीन किंवा अधिक वर्षं खेळलेल्या, हयात असलेल्या सुमारे 115 खेळाडूंसाठी एनबीए आणि खेळाडू संघटनेने पैसे मंजूर केले ते जुलै 2022 मध्ये, लीग मिटल्यानंतर 46 वर्षांनी. सगळ्यांसाठी मिळून ती रक्कम होती 2 कोटी 45 लाख डॉलर.