अफूसम पेप्टाइडे व मद्यपान

मेंदूतच तयार होणाऱ्या, अफूतील मॉर्फिनसारखी क्रिया करणाऱ्या अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांना अफूसम पेप्टाइडे म्हणतात. बीटा-एंडॉर्फिन, एन्केफॅलिने आणि डायनॉर्फिने हे त्यांचे मुख्य गट. पैकी एन्केफॅलिने ह्यूझ व कोस्टरलिट्झ यांनी 1975 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळी केली.

मद्य व या पेप्टाइडांचा संबंध उलगडण्यात उंदरांचा वाटा मोठा आहे. सी57बीएल/6 वाणाचा उंदीर पाण्याची बाटली सोडून मद्यमिश्रित पाणी आवडीने पितो. डीबीए/2 वाणाचा त्याकडे फिरकतही नाही. म्हणजे ओढ काही अंशी आनुवंशिक असते. मद्य प्यायल्यावर बीटा-एंडॉर्फिन स्रवते, ते चेतापेशींवरील म्यू ग्राहींवर (रिसेप्टरांवर) बसते, डोपामीन वाढते आणि सुखद वाटते. म्यू ग्राही नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांनी मद्य मिळवण्याची धडपड केली नाही. दीर्घ सेवनानंतर मात्र डायनॉर्फिन व त्याचे कॅप्पा ग्राही वरचढ ठरतात. दारू बंद झाली की येणारी उदासी व बेचैनी बरीचशी त्यांचीच. तेव्हा पिणे मजेसाठी उरत नाही, त्रास टाळण्यासाठी होते.

या पेप्टाइडांचे ग्राही, मुख्यतः म्यू, अडवणारे नाल्ट्रेक्झोन हे औषध 1994 मध्ये अमेरिकेत मद्यासक्तीवर मान्य झाले. अफूजन्य औषधे घेणाऱ्यांना ते देत नाहीत. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना 1986) समुपदेशन व स्वमदत गटांवर भर देते. मद्य कोणतेही असो, परिणाम तोच: वसई-नायगाव पट्ट्यातली ताडी नैसर्गिक म्हणून निराळी, असे काही नाही. आंबल्यावर तिच्यात तयार होते ते इथेनॉलच.