आरोग्याच्या पैशावर संसदेची नजर कशी असते?

सरकारी रुग्णालयात ‘औषध बाहेरून आणा’ असे सांगितले की आपण समोरच्या नर्सशी भांडतो. वस्तीत काम करताना मीही भांडले आहे. पण त्या औषधाचा पैसा मंजूर झाला होता का, वेळेवर आला का, की खर्च न होताच पडून राहिला, हे त्या बिचारीला माहीत नसते. ते सगळे कागदावर असते आणि त्यातला बराचसा कागद संसदेसमोर किंवा विधिमंडळासमोर येतो. तो कुठे, कसा येतो हे कार्यकर्त्यांना ठाऊक असावे, म्हणून ही माहिती.

मंजुरीच्या वेळी

राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार प्रत्येक खात्याचा खर्च ‘अनुदानाची मागणी’ म्हणून लोकसभेसमोर येतो. लोकसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. आरोग्याला जास्त पैसा द्या असे खासदार भाषणात म्हणू शकतो, मतदानाने तो मिळवून देऊ शकत नाही.

त्यातही चर्चा थोड्याच खात्यांवर होते. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न होता सगळा अर्थसंकल्प मंजूर झाला. म्हणजे आरोग्य खात्याच्या हजारो कोटींच्या मागणीवरही त्या वर्षी लोकसभेत वेगळी चर्चा झाली नाही.

खरी तपासणी होते ती समितीच्या खोलीत. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. आरोग्य व कुटुंब कल्याण समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य नसतो. आरोग्य सचिवांना बोलावून गेल्या वर्षीचा पैसा का उरला, पदे का रिकामी आहेत, असे विचारले जाते. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल सर्वांसाठी खुला असतो. एखादा विषय तपासायला घेतला की समिती जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनेही मागवते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. मात्र त्यांवर काय केले किंवा का केले नाही, हे सरकारला लेखी कळवावे लागते.

खर्च झाल्यानंतर

इथे महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, येतो. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या पदाविषयी बोलताना सांगितले होते की राज्यघटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे काम न्यायव्यवस्थेच्या कामापेक्षाही महत्त्वाचे आहे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेला माणूस हे बोलत होता. संसदेने मंजूर केलेला पैसा त्याच कामावर गेला का, हे पाहणारा कोणी नसेल तर मंजुरीला अर्थ उरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला की तो लोकलेखा समितीकडे जातो. २२ सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, अशी परंपरा आहे. सगळे अहवाल तपासणे समितीला शक्य नसते. ती निवडक विषय घेते, बाकीचे अहवाल वाचणाऱ्याची वाट बघत पडून राहतात.

दोन अहवाल मुद्दाम सांगते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील माता-बाल आरोग्यावरचा २०१७ चा अहवाल सांगतो की २७ राज्यांकडे न वापरता उरलेली रक्कम २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी रुपये होती. ती २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटींवर गेली. पैसा नाही म्हणून प्रसूतीची सोय नाही, असे आपण ऐकत होतो त्याच काळातली ही शिल्लक आहे.

दुसरा अहवाल २०२३ चा, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरचा. त्यात ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले सापडले. आधीच्या उपचारात मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार झाल्याचे दावेही सापडले. ओळख पटवण्यासाठी मोबाइल क्रमांक वापरला जात नाही, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी मृतांच्या नावावरच्या दाव्यांचा प्रश्न उरतोच.

राज्यात काय?

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयाचा हिशेब मुख्यतः विधिमंडळाने घ्यायचा असतो. राज्याबाबतचा कॅगचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो आणि राज्याचीही लोकलेखा समिती असते. अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटी मांडले जातात, त्यामुळे सभागृहात चर्चेला वेळच राहत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक बातमी येते आणि विषय संपतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले आहे. आपले राज्य तिथे पोचले का, हे दर वर्षी अर्थसंकल्पाची पुस्तके उघडून कोणालाही तपासता येते.

७८९ म्हणजे काय?

हा आकडा आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावा. अर्थसंकल्पात अनुसूचित जातींसाठीच्या निधीचे हे गौण लेखाशीर्ष आहे. आदिवासींसाठी ७९६ आहे. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या ‘खर्चाचा तपशील’ या कागदपत्रात विवरण १०अ मध्ये कोणत्या खात्याने अनुसूचित जातींसाठी किती रक्कम दाखवली ते मिळते. आरोग्य खात्याचे नावही त्यात असते.

अडचण अशी की ही रक्कम पुष्कळदा सर्वसाधारण योजनेचाच एक हिस्सा या शीर्षाखाली दाखवून भरलेली असते. कोणत्या वस्तीत कोणते उपकेंद्र त्यातून उभे राहिले, असे विचारले की उत्तर मिळत नाही. माहिती अधिकारात एकदा मी हा प्रश्न विचारला होता. उत्तरात मला शासन निर्णयाची प्रत मिळाली, उपकेंद्राचे नाव नाही.

हा प्रश्न विचारण्याची आणखी एक जागा आहे. संसदेत अनुसूचित जाती व जमाती कल्याण समिती आहे. महाराष्ट्र विधिमंडळाचीही अनुसूचित जाती कल्याण समिती आहे आणि ती जिल्ह्यांत दौऱ्यावर येते. तेव्हा बहुतेक निवेदने बदल्या, नेमणुका आणि समाजमंदिराविषयी असतात. आरोग्याचे निवेदन देताना वर्ष, योजनेचे नाव, लेखाशीर्ष, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च एवढे पाच रकाने भरून द्यावेत. रिकाम्या पदांची यादी वेगळी जोडावी आणि पोचपावती घ्यावी.