परक्या प्रोग्रॅमसाठी ‘सी’ ड्राइव्ह

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर नुसता उघडून चालत नाही. प्रोसेसर तोच असतो, त्याला प्रोग्रॅमच्या सूचनाही कळतात. पण फाइल उघडायला, पडद्यावर अक्षरे उमटवायला प्रोग्रॅम विंडोजची जी फंक्शने मागतो, ती तिथे नसतात. ती नव्याने लिहून पुरवायची, या हेतूने बॉब ॲम्स्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये ‘वाईन’ सुरू केले. सन कंपनीचे ‘वाबी’ त्याच काळातले, त्याच वाटेवरचे. १९९४ पासून वाईनची धुरा अलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे आहे.

सुरुवातीच्या वाईनची जुळणी हाताने लिहिलेल्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत होई. प्रत्येक ड्राइव्हची नोंद वेगळी: लिनक्सवरची कोणती डिरेक्टरी ‘सी’ मानायची, ती हार्ड डिस्क धरायची की सीडी. खरी परीक्षा डीएलएल फाइलींची, म्हणजे विंडोजची फंक्शने ज्यांत असतात त्या फाइलींची. वाईनच्या स्वतःच्या फाइली तेव्हा अपुऱ्या होत्या. त्यामुळे ज्याच्या संगणकावर विंडोजही असे, तो तेच पार्टिशन ‘सी’ म्हणून नेमून देई आणि मूळ फाइली तिथून उचलल्या जात. कोणती डीएलएल आधी ‘नेटिव्ह’ (विंडोजची मूळ) घ्यायची, कोणती ‘बिल्टिन’ (वाईनची स्वतःची), हा क्रम बदलून बदलून पाहण्यात संध्याकाळ सरे. कष्टाचे काम होते, पण प्रोग्रॅम आतून कशावर उभा आहे हे त्यातून जितके कळे, तितके क्वचितच कशातून कळत असेल.

२००५ च्या सुमारास त्या टेक्स्ट फाइलीची जागा रजिस्ट्री (विंडोजच्या धर्तीचा सेटिंग्जचा साठा) आणि ‘वाईनसीएफजी’ या सेटिंग्जच्या खिडकीने घेतली. ड्राइव्हची सोय तर फारच देखणी झाली. वापरणाऱ्याच्या होम डिरेक्टरीतल्या लपलेल्या ‘.वाईन’ फोल्डरात ‘डॉसडिव्हायसेस’ नावाचे फोल्डर असते. त्यात ‘सी:’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी लिंक) शेजारच्या ‘ड्राइव्ह_सी’कडे जाते, तर ‘झेड:’ थेट लिनक्सच्या रूट डिरेक्टरीकडे. ही दुसरी लिंक जपून वापरण्याची. विंडोजचा घातक प्रोग्रॅमही तिच्यातून वापरणाऱ्याच्या फाइलींपर्यंत पोचू शकतो.

‘.वाईन’ या सगळ्या फोल्डराला ‘प्रीफिक्स’ म्हणतात. एकाची जुळणी दुसऱ्याला बाधू नये म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा प्रीफिक्स देण्याचा शहाणपणा वापरातून रुजला. लागणारे फाँट आणि डीएलएल आणून बसवायला डॅन केगेल यांची ‘वाईनट्रिक्स’ ही स्क्रिप्ट कामी आली. वाईनची १.० ही आवृत्ती निघाली १७ जून २००८ रोजी, सुरुवातीनंतर १५ वर्षांनी. फोटोशॉप सीएस२ चालणे ही तिच्या कसोट्यांपैकी एक होती.

२०१८ मध्ये ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कोडवीव्हर्स कंपनीच्या साथीने वाईनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ आणले. त्यात विंडोजच्या ‘डायरेक्टथ्रीडी’ या ग्राफिक्स फंक्शनांच्या मागण्या लिनक्सवर चालणाऱ्या ‘व्हल्कन’मध्ये उतरवणारे ‘डीएक्सव्हीके’ होते. खेळ पहिल्यांदा सुरू करताना त्याचा प्रीफिक्स आता आपोआप तयार होतो. व्हॉल्व्हच्या ‘स्टीम डेक’ या हातातल्या खेळयंत्रावर खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरात मात्र खेळाच्या क्रमांकाखाली ‘पीएफएक्स’ असते, आणि त्यात तेच ‘ड्राइव्ह_सी’.